उतरत्या पट्टीतलं गाणं

मार्च संपत आला की नागपुरात तुकडोजी पुतळा चौकातून मानेवाड्यामार्गे बेस्याकडे येणाऱ्या रस्त्यावर आंबेडकर जयंतीचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली आजी-माजी आणि होऊ घातलेले नगरसेवक, मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘भीम-बुद्ध गीतांचा जंगी दुय्यम सामना’. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा. एका पार्टीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, आणि बक्षिसाच्या नोटा कुणाकडे जास्त जातात त्यावरून लोकांनी आपला निकाल लावायचा. या दोन नावांखाली पुष्कळदा एक तिसरं नाव असतं. त्याच्यापुढे ‘ज्येष्ठ गायक’ किंवा ‘विशेष उपस्थिती’ असं काहीतरी छापलेलं असतं, आणि फोटो इतका जुना असतो की मंचावर चढणाऱ्या माणसाशी त्याचं नातं लावायला वेळ लागतो. हे पुस्तक त्या तिसऱ्या नावाविषयी आहे.

बेसा हे या गाण्याचं मूळ गाव नाही. ते उत्तर नागपुरात, इंदोरा-पाचपावलीच्या वस्त्यांत वाढलं. बेसा कालपरवापर्यंत शेतांचं गाव होतं. मग लेआउट पडले, फ्लॅट स्कीम आल्या, आणि बँकेत, रेल्वेत, कॉलेजात नोकरी करणारी मंडळी जुन्या वस्त्या सोडून इकडे राहायला आली. त्यांच्या पाठोपाठ विहार आले, जयंती आली. गाणंही आलं, पण अंग चोरून आलं. रात्री दहानंतर माईक बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, आणि फ्लॅटमधल्या मंडळींना सकाळी ड्युटी असते. नियम योग्यच आहे, मीही त्याच फ्लॅटमध्ये राहतो. पण त्यानं गाण्याचा आकार बदलला. रात्रभर चालणारा सामना तीन तासांत बसवायचा म्हटल्यावर सगळ्यात आधी कात्री लागते ती ज्येष्ठ गायकाला. पूर्वी त्याची वेळ पहाटे दोन-तीनची असे. तोवर गर्दीतले हौशी घरी गेलेले असत, कान असलेले उरलेले असत, आणि बाजूला बसून गुणगुणून त्याचाही गळा तापलेला असे. आता त्याला साडेआठला, थंड गळ्यानं, सत्काराच्या आधी किंवा नंतर, वीस मिनिटं मिळतात.

तरीही ती वीस मिनिटं चुकवू नयेत, असं माझं म्हणणं आहे. का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, थेट न्यूयॉर्कहून.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, १२५व्या रस्त्यावर, १९१४ मध्ये एक नाट्यगृह उघडलं. काळ्या माणसाला त्यात प्रवेश नव्हता. वीस वर्षांनी, १९३४ मध्ये, तेच नाट्यगृह ‘अपोलो’ या नावानं काळ्या प्रेक्षकांसाठी खुलं झालं, आणि पुढे सोल आणि फंक ही काळ्यांची गाणी गाणाऱ्यांना अपोलोच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेणं हाच दाखला वाटू लागला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र, तिथल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर, हे दुवे आपल्याकडे भाषणाभाषणांतून सांगितले जातात. गाण्याचा दुवा फारसा सांगितला जात नाही. त्याला कागदी पुरावा नाही आणि कोणी कोणाचं ऐकून शिकलं असंही नाही. पण दोन्हीकडे कारागिरी एकच आहे.

सोल जन्मलं चर्चच्या दारात. पाद्र्यानं एक ओळ टाकायची, मंडळींनी तिला उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. रे चार्ल्स या गायकानं १९५४ च्या सुमारास ती उचलली, देवाच्या जागी बाई आणली, आणि भाविकांच्या शिव्या खाल्ल्या. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेनं धावली. कव्वालीचा ठेका आणि टाळी होती, तमाशातली बतावणी होती, भजनातली झील होती, आणि त्या सगळ्यात बाबासाहेब आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा नाशिकचा जलसा गावोगाव फिरला. मग वामनदादा कर्डक आले. मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलेला हा माणूस हजारो गाणी रचून १९९३ मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. नागपूरच्या कानात आणखी एक गोष्ट आधीपासून होती, ती म्हणजे ताजबागचा दर्गा. बाबा ताजुद्दीन १९२५ मध्ये गेले. त्यांच्या उरुसातली कव्वाली ऐकत जे वाढले, त्यांना भीमगीतातही शेर हवा, तान हवी आणि एकच ओळ दहा वेळा वेगवेगळ्या अंगानं फिरवलेली हवी. विदर्भात भीमगीतं गाणाऱ्या नागोराव पाटणकरांचं नाव निघतं तेव्हा त्यांच्या मागे हा सगळा कान उभा असतो.

आता अपोलोकडे परत. सोल-फंकचा गायक जेम्स ब्राऊन याला आपल्या मैफिलीची तबकडी काढायची होती. कंपनीचा मालक सिड नेथन नको म्हणाला: गाणी जुनीच, ती लोकांकडे आधीच आहेत, पुन्हा कोण विकत घेणार? ब्राऊननं पदरचे पैसे घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री अपोलोत ध्वनिमुद्रण झालं. तबकडी पुढच्या वर्षी बाजारात आली आणि ६६ आठवडे अमेरिकेच्या यादीत टिकली. ती ऐकताना एक गोष्ट लगेच कळते. ब्राऊनइतकाच तिथला प्रेक्षक गातोय. तो किंचाळतो, मध्येच उत्तर देतो, आणि ब्राऊन त्या उत्तराची वाट पाहत थांबतो, ते आल्याशिवाय पुढचा शब्द टाकत नाही. नेथनचा हिशेब साधा होता, की गाणं गायकाच्या गळ्यात असतं. तो चुकला, कारण यातलं निम्मं गाणं समोरच्या खुर्च्यांवर बसलेलं होतं.

तरुण गायकाच्या बाबतीत हे झाकून जातं. गळ्यात दम असतो, तो सगळं एकटा उचलतो, आपण त्याच्या तानेवर थक्क होतो. म्हातारा गायक मात्र स्वतःचं सगळं तंत्र उघडं टाकतो. त्याला दुसरा इलाज नसतो. छातीचा भाता आखडतो, श्वास पुरत नाही, वरचे स्वर फाटतात. पहिली तडजोड पट्टीची. काळी तीनमध्ये गाणारा माणूस काळी एकवर येतो, मग पांढरी एकवर. बँजोवाल्याला तारा उतरवाव्या लागतात, तो कुरकुरतो. दुसरी तडजोड लयीची, पण ती उलटी: लय कमी केली तर श्वास जास्त लागतो, म्हणून चतुर म्हातारा ढोलकवाल्याला लय चढवायला सांगतो आणि स्वतः ओळ तोडून तोडून, बोलल्यासारखी टाकतो. तिसरी तडजोड सगळ्यात महत्त्वाची. तो ओळ पुरी करत नाही. अर्धी म्हणतो, माईक लोकांकडे करतो, उरलेली अर्धी मंडपानं म्हणायची. कोरसची पोरं असतातच, पण त्याचा डोळा कोरसवर नसतो. समोरच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांवर असतो, कारण मुखडा पाठ असतो तो त्यांना. त्यांनी उचलला की मागचे उभे असलेले पुरुष उचलतात, आणि मग बिछायत केंद्राच्या त्या लाल-पिवळ्या कनातीच्या आत एक मोठा आवाज तयार होतो, ज्यात म्हाताऱ्याचा आवाज शोधूनही सापडत नाही. तेव्हा तो हसतो. ते हसणं कुठल्याही व्हिडिओत नीट आलेलं मी पाहिलेलं नाही, कारण त्या क्षणी कॅमेरा गर्दीकडे वळलेला असतो.

सोल गायिका अरीथा फ्रँकलिनचं उदाहरण पुष्कळांनी मोबाइलवर पाहिलं असेल. डिसेंबर २०१५, वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर, कॅरोल किंग या गीतकार बाईचा सत्कार. अरीथा ७३ वर्षांची. आधी पियानोवर बसून, आवाज राखून गाते. मग उठते, पुढे येते, आणि शेवटाकडे अंगावरचा लांबलचक फरकोट खाली टाकून देते. सगळं सभागृह उभं राहतं, राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसतात. हे गाणं तिनं पहिल्यांदा गायलं १९६७ मध्ये, पंचविशीत. त्या मुद्रणातला आवाज अर्थातच जास्त स्वच्छ आहे. पण पंचविशीतल्या अरीथाला कोट टाकायची गरज नव्हती. कुठला स्वर आता आपल्याला एकटीनं पेलणार नाही आणि त्या जागी लोकांना कसं उठवायचं, हे ७३ व्या वर्षीच कळतं.

कोटावरून शाल आठवते. जेम्स ब्राऊन गाता गाता गुडघ्यांवर कोसळायचा. डॅनी रे हा त्याचा निवेदक येऊन त्याच्या खांद्यांवर एक शालीसारखा झगा टाकायचा, हाताला धरून आत न्यायला लागायचा. अर्ध्या वाटेत ब्राऊन तो झगा भिरकावून परत माईकशी यायचा. पुन्हा कोसळायचा, पुन्हा झगा. लोकांना हे नाटक पाठ होतं, तरी दर वेळी ते ओरडायचे. डिसेंबर २००६ मध्ये, ७३ व्या वर्षी तो गेला, त्या वर्षीही त्याचे दौरे चालूच होते. आपल्याकडे ज्येष्ठ गायकाच्या खांद्यांवर शाल टाकतात ती त्याला खाली बसवायला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, ‘दादांनी आम्हाला आशीर्वाद द्यावेत’ आणि दादा खुर्चीत. गायला बोलावलेला माणूस सत्कारमूर्ती होऊन जातो. बेस्यातल्याच एका कार्यक्रमात एका बुजुर्ग गायकानं शाल घेतली, घडी केली, हार्मोनियमच्या पेटीवर ठेवली आणि म्हणाला, “हे झालं, आता पट्टी द्या.” मागून कोणीतरी ओरडलं, “दादा, वामनदादांचं एक होऊन जाऊ द्या!” “घेतो ना बापा, श्वास तं घेऊ दे,” असं म्हणून त्यानं खरोखर श्वास घेतला, माईकमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मंडप हसला आणि तिथून पुढे त्याचाच झाला.

लोकशाहीर विठ्ठल उमपांविषयी लिहिताना मात्र जपून लिहावं लागतं. १९३१ चा जन्म, मुंबईच्या नायगावचे. कव्वाली, शाहिरी, लोकनाट्य सगळ्यांत पाय. ‘जांभूळ आख्यान’ त्यांनी म्हातारपणातही उभं केलं, द्रौपदी स्वतः रंगवत. ‘टिंग्या’ आणि ‘विहीर’ या चित्रपटांमुळे तरुणांनाही त्यांचा चेहरा ओळखीचा झाला होता. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, ते मंचावरच कोसळले आणि गेले. या मरणाला ‘भाग्याचं मरण’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. भाग्य म्हणायचंच तर ७९ व्या वर्षी ज्या ताकदीनं ते उभे राहत होते त्याला म्हणावं. मरणाला भाग्य म्हटलं की बाकीच्या हिशेबातून आपली सुटका होते. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आता महिन्याला ५००० रुपये आहे, ते मिळवायला लागणारे कागद वेगळेच. पुढच्या पानांत भेटणाऱ्या पुष्कळांसाठी मंचावर उभं राहणं ही नुसती हौस नाही, औषधाचा खर्चही त्यातूनच निघतो. अमेरिकेतही चित्र फार वेगळं नव्हतं. सोल गायक चार्ल्स ब्रॅडली आयुष्यभर हलकी-सलकी कामं करत आणि जेम्स ब्राऊनची नक्कल करत जगला; स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला २०११ मध्ये, ६२ व्या वर्षी. सहा वर्षांत तो गेलाही. आपल्याकडे गायक प्रल्हाद शिंद्यांच्या ढंगात गाणारे कितीतरी गळे त्यांच्याच ढंगात म्हातारे झाले. प्रल्हाद शिंदे गेले जून २००४ मध्ये, त्याच्या महिनाभर आधी वामनदादा गेले होते. त्यानंतर या गळ्यांना विचारणारे वाढले, पण ‘त्यांचंच गा’ म्हणून.

इतका वेळ सोलबद्दल बोललो. फंक विदर्भात कुठे शोधायचं, असं विचाराल तर मी खंजिरीकडे बोट दाखवीन. फंकची मुख्य युक्ती ब्राऊननं साठच्या दशकाच्या मध्यावर पक्की केली: चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर सगळं वजन टाकायचं, आणि गिटार असो की तुतारी, प्रत्येक वाद्य तालवाद्यासारखं वाजवायचं. पहिल्या मात्रेचा हा हट्ट आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. समेवर मान हलवणारे आपण. तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर अख्खी गावं जागी केली. त्यांच्या वाटेनं आलेले अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवतात, आणि हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांची सालटी काढताना शब्दाशब्दाला थाप देतात. कीर्तन म्हणा, प्रबोधन म्हणा. मी त्याला नाचरं गणित म्हणतो. सत्तरीच्या आसपास पोचलेला माणूस सात तोंडांवर हात फिरवतो तेव्हा वयानं हाताची ताकद कमी केलेली दिसते आणि थापांची निवड अचूक केलेलीही दिसते. पूर्वी जिथे दहा थापा पडत तिथे चार पडतात. उरलेल्या सहा ऐकणाऱ्याचं अंग मारतं.

मिरवणुकीतल्या डीजेवर या पुस्तकातले जवळजवळ सगळे बुजुर्ग चिडलेले आढळतील. मी त्यांच्या बाजूनं पूर्णपणे उभा राहू शकत नाही. पोरांना नाचायचं असतं आणि बाबासाहेबांच्या नावावर नाचण्यात कमीपणा काहीच नाही. ब्राऊननं १९६८ मध्ये काळेपणाचा अभिमान सांगणारं गाणं काढलं तेही नाचायचंच होतं. भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरातांची एकतारी पुष्कळांनी आधी मोबाइलवरच ऐकली आणि मग कार्यक्रमाला बोलावली, हेही विसरू नये. माझी तक्रार वेगळी आहे. डीजे थांबत नाही. बुजुर्ग गायक थांबतो. दोन अंतऱ्यांच्या मध्ये तो पेटीवर बोटं तशीच ठेवून बोलायला लागतो: हे गाणं कुठल्या गावी पहिल्यांदा म्हटलं, तिथं पाणी कोणी दिलं नाही, १९७८ च्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपुरात गोळीबार झाला त्या आठवड्यात सुपारी रद्द झाली की लोकांनी हट्टानं कार्यक्रम घेतला. मध्येच ‘अमुक ताईंकडून शंभर रुपये बक्षीस’ असं नाव पुकारतो, त्या ताईच्या सासऱ्यानंही असंच बक्षीस दिलं होतं ते सांगतो, आणि कुठलाही धक्का न लागू देता ठेक्यात परत येतो. श्वास भरून काढायला घेतलेली ही उसंत आहे, हे उघड आहे. त्या उसंतीत जे सांगितलं जातं ते कॅसेटवर कधीच आलं नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट कंपन्यांनी गाण्यांमधलं बोलणं कापून टाकलं. जागा महाग होती. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात कॅमेरा गाण्याच्या आधी आणि नंतरही चालू राहतो, म्हणून विलास घोगरे आणि इतर शाहिरांचं गाणं कशातून उगवलं ते तिथे कळतं.

म्हणून पुढच्या पानांत गाण्यांचे शब्द फारसे सापडणार नाहीत. ते छापील पुस्तिकांत आहेत, दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला दहा-वीस रुपयांना मिळतात. इथे आहे ते मधलं बोलणं, जसं मंचावरून आलं तसं, माईकवरच्या ‘हॅलो, हॅलो’सकट आणि साऊंडवाल्याला ‘इको कमी कर रे’ म्हणून घातलेल्या शिव्यांसकट. तारखांचे घोळ तसेच ठेवलेत. एकच प्रसंग तीन गायक तीन ठिकाणी घडल्याचं सांगतात आणि तिघेही तिथे हजर असल्याचं सांगतात. मला ते खोटं वाटत नाही. जलशाची गोष्ट ज्याच्या तोंडी आली त्याच्या गावी घडली असंच पूर्वीपासून चालत आलं आहे. वाचणाऱ्यानं तिन्ही वाचावेत आणि आवडेल तो पत्ता धरावा. बायकांच्या पार्ट्यांवरचा भाग त्रोटक आहे. सामन्यात बाईची पार्टी असल्याशिवाय गर्दी होत नसे, तरी त्यांची नावं फ्लेक्सवर पुष्कळदा ‘आणि पार्टी’मध्ये जिरली आहेत. जेवढ्या भेटल्या तेवढ्याच इथे आल्या, आणि त्यांच्या बोलण्यात वादकांविषयी जे आहे ते मुद्दाम कापलेलं नाही.

कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिल महिन्यात यांच्यापैकी कोणीही मोकळं नसतं. दिवसाला दोन-दोन सुपाऱ्या असतात, गळे बसलेले असतात, आणि तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतात ती का, हे वर लिहिलंच आहे. जून ते सप्टेंबर हे गायक घरी असतात. जुलैपासून विहारात वर्षावासाचे कार्यक्रम चालू असतात, मंडप लागत नाही, मोठा साऊंडही नको. पन्नास माणसं, एक पेटी, एक ढोलक, खाली सतरंजी. संध्याकाळी सहाला सुरुवात करा, म्हणजे दहाच्या आत चार तास मिळतील, आणि पहिला तास त्यांना काही मागू नका.